मिसिसिपी राज्याचा इतिहास आणि राज्यचिन्हे : स्वीकृतीच्या काळाच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील प्रत्येक घटक राज्याला स्वतःची राज्यघटना, राज्यध्वज आणि राज्यमुद्रा असते. बहुतेक राज्यांनी त्यांच्या जोडीला राज्यपुष्प, राज्यवृक्ष, राज्यपक्षी आणि राज्यगीतही ठरविलेले आहे. या चिन्हांची माहिती सामान्यतः यादीच्या स्वरूपात दिली जाते. यादीत चिन्हाचे नाव असते, त्याच्या स्वीकृतीचे वर्षही असते. परंतु ते चिन्ह त्याच वर्षी का स्वीकारले गेले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक एखादे चिन्ह ज्या काळाचे स्मरण करून देते तो काळ आणि ते चिन्ह ज्या काळात कायद्याने स्वीकारले जाते तो काळ, हे दोन्ही भिन्न असू शकतात. या दोहोंमधील अंतर इतिहासाच्या अभ्यासकाला पुष्कळ काही सांगून जाते.

मिसिसिपी हे राज्य या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. या राज्याच्या ध्वजावर १८९४ पासून २०२० पर्यंत दक्षिणी बंडखोर राज्यांच्या सैन्याचे लढाऊ चिन्ह होते. ते यादवी युद्धाचा वारसा म्हणून जपले गेले. मात्र ते स्वीकारले गेले तेव्हा युद्ध संपून २९ वर्षे लोटली होती. मिसिसिपीच्या प्रमुख राज्यचिन्हांचा त्यांच्या स्वीकृतीच्या काळातील राजकीय व सामाजिक परिस्थितीशी असलेला संबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भूमी, नाव आणि मूळ रहिवासी

‘मिसिसिपी’ हे नाव ओजिब्वे भाषेतील असून त्याचा अर्थ ‘महानदी’ असा होतो. राज्याची पश्चिम सीमा बहुतांशी याच नदीने आखलेली आहे. नाचेझ, चोक्टॉ आणि चिकसॉ हे या प्रदेशातील प्रमुख मूलनिवासी समाज होत. फ्रेंचांनी १६९९ मध्ये आखाताच्या किनाऱ्यावर आपले पहिले ठाणे उभारले. पुढे हा प्रदेश क्रमाक्रमाने फ्रेंच, ब्रिटिश आणि स्पॅनिश सत्तांच्या प्रभावाखाली राहिला. १७९८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने मिसिसिपी प्रांताची स्थापना केली आणि १० डिसेंबर १८१७ रोजी मिसिसिपी हे संघराज्याचे २० वे राज्य बनले.

राज्य स्थापन झाले त्या वेळी त्याच्या उत्तर व मध्य भागातील फार मोठी जमीन अद्याप मूलनिवासींच्या ताब्यात होती. १८३० मध्ये काँग्रेसने मूलनिवासींच्या स्थलांतराचा कायदा संमत केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या डान्सिंग रॅबिट क्रीकच्या तहान्वये चोक्टॉ लोकांना मिसिसिपीतील आपली उरलेली भूमी सोडावी लागली. चिकसॉ लोकांवर १८३२ च्या पाँटोटॉक क्रीकच्या तहाने हीच वेळ आली. बहुसंख्य लोक मिसिसिपी नदीपलीकडे घालविले गेले. मागे राहिलेल्या चोक्टॉ लोकांच्या संघटित समाजाला संघशासनाची मान्यता मिळण्यास १९४५ साल उजाडावे लागले. ज्यांच्या भूमीवर राज्य उभे राहिले, त्या समाजांना राज्यध्वजावर स्थान मिळाले ते थेट २०२१ मध्ये.

राज्याची मुद्रा मात्र प्रांताच्या स्थापनेच्या काळापासून, म्हणजे १७९८ पासून चालत आलेली आहे. पंख पसरलेला गरुड, त्याच्या वक्षावरील ढाल, एका पायात ऑलिव्हची फांदी आणि दुसऱ्यात बाण अशी तिची रचना संघराज्याच्या मुद्रेशी मिळतीजुळती आहे. पुढे संघराज्यातून फुटून निघालेल्या राज्याची ही मुद्रा संघराज्याच्याच प्रतिमेवर बेतलेली असावी, ही बाब लक्षणीय आहे. २०१४ मध्ये कायद्याने या मुद्रेत ईश्वरावरील विश्वास व्यक्त करणारे राष्ट्रीय बोधवाक्य समाविष्ट करण्यात आले.

कापूस, गुलामगिरी आणि १८६१ चा ध्वज

मूलनिवासींकडून रिकाम्या करून घेतलेल्या सुपीक जमिनीवर कापसाचे मळे उभे राहिले आणि या मळ्यांवर राबण्यासाठी गुलामांना मोठ्या संख्येने आणण्यात आले. १८६० च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ७,९१,३०५ होती. त्यांपैकी ४,३६,६३१ व्यक्ती, म्हणजे सुमारे ५५ टक्के लोक गुलामगिरीत होते. त्या वर्षी देशात सर्वाधिक कापूस मिसिसिपीत पिकला. म्हणूनच गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारे अब्राहम लिंकन अध्यक्षपदी निवडून येताच राज्यातील मळेवाल्या वर्गाने फुटून निघण्याचा निर्णय घेतला. ९ जानेवारी १८६१ रोजी मिसिसिपी हे साउथ कॅरोलिनापाठोपाठ संघराज्यातून बाहेर पडणारे दुसरे राज्य ठरले. या निर्णयाच्या समर्थनार्थ प्रसृत केलेल्या जाहीरनाम्यात गुलामगिरीचे रक्षण हेच प्रमुख कारण नमूद केलेले होते. त्यामुळे युद्धाच्या कारणांविषयी नंतरच्या काळात मांडल्या गेलेल्या अन्य उपपत्ती या दस्तऐवजापुढे टिकत नाहीत.

फुटून निघालेल्या राज्याने जानेवारी १८६१ मध्ये आपला पहिला अधिकृत ध्वज स्वीकारला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मध्यभागी मॅग्नोलियाचा वृक्ष आणि वरच्या कोपऱ्यात निळ्या चौकोनात एक पांढरा तारा, असे त्याचे स्वरूप होते. प्रत्यक्ष यादवी युद्धाच्या काळातील मिसिसिपीचा राज्यध्वज हा होता. तारकांकित निळ्या फुलीचे जे लढाऊ चिन्ह पुढे प्रसिद्धीस आले, ते मूळचे उत्तर व्हर्जिनियातील सैन्याच्या निशाणावरील होय.

या युद्धाची झळ आणि त्याचा लाभ अशा दोन्ही गोष्टी पश्चिम भारतालाही अनुभवास आल्या. दक्षिणेकडील बंदरांच्या नाकेबंदीमुळे इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मागणी मुंबईकडे वळली. १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या बाजारात अभूतपूर्व तेजी आली. युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले आणि १८६५ मध्ये मुंबईतील अनेक पेढ्या व कंपन्या बुडाल्या. मिसिसिपीच्या मळ्यांतील कापूस जागतिक व्यापारात किती महत्त्वाचा होता, याची कल्पना यावरून येते.

पुनर्रचनेचा काळ आणि १८९० ची राज्यघटना

४ जुलै १८६३ रोजी व्हिक्सबर्ग संघराज्याच्या सैन्याच्या हाती पडले. १८६५ मध्ये भरलेल्या परिषदेने फुटून निघण्याचे ठराव रद्द केले आणि त्यांच्यासोबत मॅग्नोलिया ध्वजाची अधिकृत मान्यताही संपुष्टात आली. त्यानंतर १८९४ पर्यंत राज्याला अधिकृत ध्वजच नव्हता.

ध्वजाविना गेलेला हा कालखंड राजकीयदृष्ट्या अत्यंत महत्त्वाचा आहे. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला आणि संख्याबळामुळे त्यांचा राज्याच्या राजकारणावर प्रभाव पडला. फेब्रुवारी १८७० मध्ये मिसिसिपी पुन्हा संघराज्यात दाखल झाले. त्याच महिन्यात या राज्याचे हायरम रेव्हल्स हे अमेरिकन सिनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. सिनेटमध्ये पूर्ण मुदत काम करणारे पहिले कृष्णवर्णीय सदस्य ब्लँच ब्रूस हेही मिसिसिपीचेच प्रतिनिधी होते.

ही स्थिती फार काळ टिकली नाही. १८७५ च्या निवडणुकीत धाकदपटशा व हिंसाचार यांच्या साहाय्याने कृष्णवर्णीय मतदारांना मतदानापासून दूर ठेवण्यात आले. जे दंडेलीने साधले होते त्याला कायद्याचे अधिष्ठान देण्यासाठी १८९० मध्ये नवी राज्यघटना तयार करण्यात आली. ती तयार करणाऱ्या १३४ सदस्यांच्या परिषदेत केवळ एक सदस्य, आयझाया माँटगोमेरी, कृष्णवर्णीय होते. मतदान-कर, तसेच राज्यघटनेतील कलम वाचता येण्याची किंवा वाचून दाखविल्यावर त्याचा ‘योग्य’ अर्थ सांगण्याची अट घालण्यात आली. अर्थ योग्य आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याकडे होता. मतदानविषयक तरतुदींच्या मजकुरात वंशाचा उल्लेख नव्हता आणि याच आधारावर १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी वैध ठरविल्या. परिणाम मात्र स्पष्ट होता. मतदानाच्या वयाच्या सुमारे १,४७,००० कृष्णवर्णीय पुरुषांपैकी ९,००० पेक्षाही कमी जणांची नावे मतदारयादीत उरली. ही राज्यघटना सार्वमतासाठी जनतेपुढे ठेवण्यातच आली नव्हती, ही गोष्टही येथे ध्यानात घेतली पाहिजे.

१८९४ चा ध्वज

नव्या राज्यघटनेनंतर चार वर्षांनी, फेब्रुवारी १८९४ मध्ये विधिमंडळाने नवा राज्यध्वज स्वीकारला. निळा, पांढरा व लाल असे तीन आडवे पट्टे आणि वरच्या कोपऱ्यात लाल चौकोनावर तेरा तारे असलेली निळी फुली, अशी त्याची रचना होती. राज्याकडे स्वतःचा युद्धकालीन मॅग्नोलिया ध्वज उपलब्ध असताना तो न स्वीकारता सैन्याचे लढाऊ चिन्ह निवडले गेले. केवळ युद्धस्मृती जपण्याचा हेतू असता तर १८६१ च्या ध्वजाकडे परत जाणे अधिक स्वाभाविक ठरले असते.

या निवडीमागील पार्श्वभूमी त्या दशकाच्या वातावरणात सापडते. १८८९ मध्ये बंडखोर सैन्यातील निवृत्त सैनिकांची संघटना स्थापन झाली आणि १८९४ मध्येच त्या सैनिकांच्या घराण्यांतील स्त्रियांचीही संघटना उभी राहिली. गावोगावी स्मारके उभारली जाऊ लागली. दक्षिणेचा लढा उदात्त होता आणि गुलामगिरीशी त्याचा संबंध गौण होता, असा समज या काळात दृढ करण्यात आला. ज्या विधिमंडळाने ध्वज निवडला, त्याच्या मतदारांतून राज्यातील बहुसंख्य असलेला कृष्णवर्णीय समाज आधीच वगळला गेला होता. म्हणजेच हा ध्वज १८६१ च्या युद्धापेक्षा १८९० च्या राज्यघटनेशी अधिक जवळून जोडलेला आहे, असे म्हणता येते.

असेच उदाहरण शेजारच्या प्रदेशात जॉर्जिया राज्याचे आहे. जॉर्जियाने आपल्या ध्वजावर हे लढाऊ चिन्ह १९५६ मध्ये, म्हणजे शाळांतील वंशविभाजन घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या निकालानंतर दोन वर्षांनी घेतले.

फूल, वृक्ष, पक्षी आणि गीत

मॅग्नोलियाची कथा काहीशी वेगळी आहे. १९०० मध्ये राज्यातील शाळकरी मुलांच्या मतदानात मॅग्नोलियाच्या फुलाला पहिली पसंती मिळाली. परंतु विधिमंडळाने त्याला राज्यपुष्प म्हणून मान्यता दिली ती १९५२ मध्ये. १९३५ मध्ये पुन्हा मुलांच्या मतदानाने मॅग्नोलियाची राज्यवृक्ष म्हणून निवड झाली आणि १९३८ मध्ये तिला कायदेशीर स्वरूप मिळाले. १९४४ मध्ये मॉकिंगबर्ड हा राज्यपक्षी ठरला. हा पक्षी अन्य काही दक्षिणी राज्यांचाही राज्यपक्षी आहे. या निवडी वरकरणी निरुपद्रवी दिसतात आणि बऱ्याच अंशी त्या तशा आहेतही. तथापि ज्या शाळांतून मतदान झाले त्या शाळा १८९० च्या राज्यघटनेनेच गोऱ्या व काळ्या मुलांसाठी वेगळ्या केलेल्या होत्या, याचा विसर पडू देता कामा नये.

राज्यगीताच्या बाबतीत स्वीकृतीचे वर्ष अधिक बोलके आहे. १९५९ च्या निवडणुकीत वंशविभाजनाचे कट्टर समर्थक रॉस बार्नेट यांच्या प्रचारासाठी एक गीत वापरले गेले होते. बार्नेट गव्हर्नर झाल्यानंतर त्याच चालीवर नवे शब्द बसविलेले ‘गो, मिसिसिपी’ हे गीत मे १९६२ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारण्यात आले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या मिसिसिपी विद्यापीठातील प्रवेशाला बार्नेट यांनी विरोध केला. तेथे उसळलेल्या दंगलीत दोघांचा मृत्यू झाला आणि संघशासनाला सैन्य पाठवावे लागले. हे राज्यगीत पुढे साठ वर्षे कायम राहिले. २०२२ मध्ये स्टीव्ह अझार यांच्या ‘वन मिसिसिपी’ या गीताने त्याची जागा घेतली.

मताधिकार आणि ध्वजाचा प्रश्न

१९६३ मध्ये नागरी हक्क चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स यांची जॅक्सन येथे हत्या झाली. १९६४ च्या उन्हाळ्यात मतदार नोंदणीच्या मोहिमेतील जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तिघा तरुणांना ठार मारण्यात आले. १९६५ च्या मताधिकार कायद्यापूर्वी मिसिसिपीत मतदानास पात्र कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ७ टक्क्यांचीच नोंदणी झालेली होती. १९६७ पर्यंत हे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर पोचले. ध्वजाविषयीचा प्रश्न राज्याच्या राजकारणात गंभीरपणे उपस्थित होऊ शकला, तो या बदलामुळेच.

१९९३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी कार्य करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या राज्य शाखेने ध्वजाविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. या दाव्यातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. १९०६ मध्ये राज्याच्या कायद्यांची नवी संहिता तयार झाली तेव्हा ध्वजाचा कायदा तीत पुन्हा समाविष्टच केला गेला नव्हता. २००० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, ध्वजामुळे घटनात्मक हक्कांचा भंग होत नाही असे सांगतानाच, १९०६ पासून राज्याला अधिकृत ध्वज नाही असा निर्णय दिला. कायद्याचा आधार नसतानाही हा ध्वज ९४ वर्षे कचेऱ्यांवर आणि शाळांवर फडकत राहिला होता. चिन्हाचे सामर्थ्य कायद्याच्या कलमापेक्षा रूढ झालेल्या वहिवाटीत असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

त्यानंतर माजी गव्हर्नर विल्यम विंटर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने पर्याय सुचविला. लढाऊ चिन्हाच्या जागी निळ्या चौकोनात वीस तारे असलेला हा नवा ध्वज आणि जुना ध्वज यांपैकी एकाची निवड करण्यासाठी १७ एप्रिल २००१ रोजी सार्वमत घेण्यात आले. सुमारे ६४ टक्के मतदारांनी जुन्या ध्वजाला पसंती दिली. मतांची विभागणी बहुतांशी वंशानुसार झाली होती.

२०२० चा बदल

जून २०१५ मध्ये साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटन येथे एका श्वेतवर्णीय तरुणाने कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये नऊ जणांची हत्या केली. त्यानंतर मिसिसिपीच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती फिलिप गन यांनी ध्वज बदलण्याची गरज जाहीरपणे मांडली. पुढील काळात राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांनी तो आपल्या आवारातून उतरविला. परंतु विधिमंडळात निर्णय होऊ शकला नाही.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यानंतर देशभर निदर्शने झाली आणि मिसिसिपीतही मागणीने जोर धरला. या वेळी दबाव अनेक दिशांनी आला. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या संस्थांनी राज्यात महत्त्वाच्या स्पर्धा न घेण्याचा इशारा दिला. राज्यातील बॅप्टिस्ट चर्चच्या परिषदेनेही ध्वज बदलण्याचे आवाहन केले. २८ जून २०२० रोजी प्रतिनिधिगृहाने ९१ विरुद्ध २३ आणि सिनेटने ३७ विरुद्ध १४ मतांनी जुना ध्वज रद्द केला. ३० जून रोजी गव्हर्नर टेट रीव्ह्ज यांनी विधेयकावर स्वाक्षरी केली. दुसऱ्या दिवशी जुना ध्वज जॅक्सन येथील राज्याच्या इतिहास संग्रहालयाकडे सोपविण्यात आला.

नव्या ध्वजात लढाऊ चिन्ह नसावे आणि राष्ट्रीय बोधवाक्य असावे, अशा दोन अटी कायद्याने घातल्या होत्या. नऊ सदस्यांच्या आयोगाने निवडलेला ध्वज ३ नोव्हेंबर २०२० च्या मतदानात सुमारे ७३ टक्के मतांनी मान्य झाला आणि ११ जानेवारी २०२१ रोजी त्याला कायद्याचे रूप मिळाले. त्याच्या मध्यभागी मॅग्नोलियाचे पांढरे फूल असून भोवती वीस पांढरे तारे आहेत. ते मिसिसिपी हे विसावे राज्य असल्याचे सुचवितात. सर्वांत वर चौकटच्या आकारांनी बनलेला सोनेरी तारा असून तो या भूमीवरील मूलनिवासींचे प्रतिनिधित्व करतो.

या प्रक्रियेवर एक आक्षेप घेतला गेला. जनतेने २००१ मध्ये दिलेला कौल विधिमंडळाने परस्पर बाजूला सारला आणि २०२० च्या मतपत्रिकेवर जुन्या ध्वजाचा पर्याय ठेवला नाही, असा तो आक्षेप होता. हा मुद्दा सर्वस्वी निराधार नाही. तथापि जुना ध्वजही १८९४ मध्ये विधिमंडळानेच, तोही बहुसंख्य समाजाला मताधिकारापासून वंचित ठेवून, स्वीकारला होता. शिवाय अल्पसंख्य समाजाला अपमानास्पद वाटणारे चिन्ह केवळ बहुमताच्या बळावर त्याच्यावर लादता येते काय, हा प्रश्न उरतोच. २०२० च्या सुमारास राज्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते आणि ते देशातील सर्व राज्यांत सर्वाधिक होते.

चिन्हांपलीकडचे प्रश्न

ध्वज बदलल्याने इतिहासाचा हिशेब पूर्ण झाला असे मानता येत नाही. ३ नोव्हेंबर २०२० रोजीच मतदारांनी १८९० च्या राज्यघटनेतील आणखी एक तरतूद रद्द केली. गव्हर्नरपदासारख्या राज्यव्यापी पदासाठी बहुसंख्य मतांबरोबरच प्रतिनिधिगृहाच्या बहुसंख्य मतदारसंघांतही आघाडी मिळविण्याची अट तीत होती. ध्वजाच्या बातमीपुढे या बदलाची फारशी चर्चा झाली नाही. परंतु सत्तेच्या वाटणीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व कमी नाही.

याउलट, विशिष्ट गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांचा मताधिकार कायमचा काढून घेणारी १८९० ची तरतूद २०२४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने वैध ठरविली. वॉशिंग्टन येथील संसदभवनातील राज्याच्या वतीने १९३१ मध्ये बसविण्यात आलेले दोन पुतळे जेफरसन डेव्हिस आणि जेम्स जॉर्ज यांचे आहेत. पहिले बंडखोर राज्यांचे अध्यक्ष होते, तर दुसरे १८९० च्या राज्यघटनेचे एक प्रमुख शिल्पकार. २०२० च्या ध्वजबदलाबरोबर हे पुतळे हलविले गेले नाहीत.

निष्कर्ष

१. राज्यचिन्हाचा अर्थ त्याच्या आशयाइतकाच त्याच्या स्वीकृतीच्या वर्षात शोधावा लागतो. १८९४ चा ध्वज आणि १९६२ चे राज्यगीत ही दोन्ही वंशवर्चस्वाच्या राजकारणाच्या ऐन भरातील अपत्ये आहेत.

२. युद्धाचा वारसा म्हणून जपलेला ध्वज युद्धकाळातील राज्यध्वज नव्हता. तो मताधिकार हिरावून घेणाऱ्या राज्यघटनेनंतर आला आणि मताधिकार परत मिळाल्यानंतरच त्याला आव्हान देता आले.

३. मॅग्नोलिया हे चिन्ह १८६१ च्या ध्वजावरही होते आणि २०२१ च्या ध्वजावरही आहे. एकच चिन्ह भिन्न काळात भिन्न अर्थ धारण करते; तो अर्थ ठरविण्यात कोणाचा सहभाग होता, यावर त्याची मान्यता अवलंबून राहते.

४. चिन्हांतील बदल हा हक्कांतील बदलाचा परिणाम असतो, पर्याय नव्हे. मिसिसिपीत ध्वज बदलण्यास १२६ वर्षे लागली. त्या ध्वजामागे उभ्या असलेल्या राज्यघटनेतील काही कलमे अद्याप शिल्लक आहेत आणि त्यांच्याविषयीचा वाद संग्रहालयात ठेवून संपणारा नाही.